डेन्व्हरच्या ज्यू धर्मादाय सॅनेटोरियममध्ये क्षयरुग्णांचे दिवस कसे जात असत?

पानगळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत स्थलांतर करून गेलेल्या समाजांविषयी वाचत असताना कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराच्या एका इस्पितळाचे ब्रीदवाक्य समोर आले आणि ते मनातून जाईना. ‘ज्याला पैसे भरता येतात त्याला येथे प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश मिळाला त्याला पैसे भरता येणार नाहीत,’ अशा अर्थाचे ते वाक्य आहे. नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल फॉर कन्झम्प्टिव्ह्ज या नावाने हे इस्पितळ १० डिसेंबर १८९९ रोजी सुरू झाले. क्षयावर एकही औषध नव्हते अशा काळात दूरच्या शहरांतून आलेल्या निर्धन रुग्णांना एक पैसाही न घेता ठेवून घेणारी ही संस्था होती, एवढे त्या वाक्यावरून समजते. परंतु त्या इमारतीच्या आत प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाचे काय होत असे, ते मात्र मला कळलेले नाही.

पुढे वाचले तेव्हा असे दिसले की अवघ्या पाच वर्षांनी, १९०४ मध्ये, त्याच शहराच्या पश्चिमेला ज्यू समाजातीलच मंडळींनी गरीब क्षयरुग्णांसाठी दुसरे सॅनेटोरियम काढले. एक संस्था चालू असताना तसेच काम करणारी दुसरी संस्था उभी करण्याची गरज का भासली? जागा अपुरी पडत होती एवढेच त्याचे कारण होते का?

मला प्रामुख्याने तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रुग्णाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जात असे. दुसऱ्याच्या दानावर महिनोन्‌महिने जगण्याचा त्याच्या मनावर काय परिणाम होत असे. आणि जे बरे झाले नाहीत किंवा अर्धवट बरे होऊन बाहेर पडले, त्यांचे पुढे काय झाले. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुने दप्तर

आपल्या दुसऱ्या संस्थेविषयीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण दानावर जगण्याविषयी आपण जे विचारले आहे त्याचेही बरेचसे उत्तर त्यातच आहे.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. तेथील कोरडी हवा आणि वर्षातील बहुतेक दिवस पडणारे ऊन क्षयावर गुणकारी आहे, असा त्या काळी डॉक्टरांचाही विश्वास होता. त्यामुळे रेल्वे आल्यापासून पूर्वेकडील शहरांतील क्षयरोगी मोठ्या संख्येने तेथे येऊ लागले. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी खाजगी आरोग्यगृहांत खोल्या घेतल्या. ज्यांनी तिकिटापुरतेच पैसे कसेबसे जमवले होते त्यांची मात्र उतरल्यापासूनच परवड सुरू होई, कारण खोकणाऱ्या माणसाला खोली देण्यास घरमालक तयार नसत आणि त्याला काम देण्यास कोणी मालकही तयार नसे. या माणसांसाठी इस्पितळ हवे, हा आग्रह फ्रान्सिस वाइसबार्ट जेकब्स या समाजसेविकेने धरला. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये इमारतीची कोनशिला बसली आणि पुढच्याच महिन्यात जेकब्स न्यूमोनियाने वारल्या. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला, चांदीच्या खाणींवर उभी असलेली कोलोरॅडोची अर्थव्यवस्था मोडली, बँका बुडाल्या, आणि इमारत उभी असूनही ती चालवण्यास पैसा नसल्यामुळे सहा वर्षे रिकामी राहिली. बाहेर रुग्ण रस्त्यावर आणि आत रिकाम्या खोल्या, हे दृश्य त्या शहराने इतकी वर्षे पाहिले. अखेरीस ब्नाय ब्रिथ या देशव्यापी ज्यू संघटनेने जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे दार उघडले.

साठ खाटांच्या या इस्पितळाचा एक गुण आधी सांगितला पाहिजे. त्याने धर्म पाहून रुग्ण घेतले नाहीत. तेथे दाखल झालेली पहिलीच रुग्ण मिनेसोटाहून आलेली स्वीडिश वंशाची ख्रिस्ती तरुणी होती. परंतु रोगाची अवस्था मात्र पाहिली जाई. क्षय प्रारंभिक अवस्थेत असेल तरच प्रवेश मिळे आणि मुक्काम साधारण सहा महिन्यांपुरता मर्यादित असे. खाटा थोड्या असताना ज्याला बरे करता येईल त्यालाच घ्यावे, हा विचार वैद्यकीय दृष्ट्या चुकीचा होता असे म्हणता येत नाही, आणि देशभरातील देणगीदारांना बरे झालेल्यांचे आकडे दाखवणेही व्यवस्थापनाला आवश्यक होते. तरी या नियमाचा दुसरा अर्थ असा होता की, ज्याचा रोग बळावला होता, म्हणजे ज्याला आसऱ्याची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच दारावरून परत जावे लागे.

येथे ज्यू समाजातील एक अंतर लक्षात घ्यावे लागते. इस्पितळ चालवणारी मंडळी बहुतांशी जर्मनीतून आधीच्या पिढ्यांत आलेली, इंग्रजी बोलणारी, स्थिरावलेली आणि सुधारणावादी पंथाची होती. रुग्णांपैकी बहुसंख्य रशियन साम्राज्यातून आणि पूर्व युरोपातून नुकतेच आलेले, यिद्दिश ही पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा बोलणारे, न्यूयॉर्कमधील शिवणकामाच्या कोंदट कारखान्यांत राबलेले कामगार होते. इस्पितळात कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे चालणारे, स्वयंपाकघर नव्हते. ते १९२० च्या दशकात आले. ज्या माणसाने जन्मभर आहाराचे धार्मिक नियम पाळले, त्याला घरापासून दूर, कदाचित आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, ते मोडावे लागत. उपचार करणाऱ्यांना ही किरकोळ बाब वाटली असेल. ताटासमोर बसलेल्या रुग्णाला ती तशी वाटत नसे.

या असंतोषातून ज्यूइश कन्झम्प्टिव्हज रिलीफ सोसायटी ही दुसरी संस्था निघाली. तिचे संस्थापक पूर्व युरोपातून आलेले सामान्य स्थितीतले लोक होते आणि त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः क्षयरोगी होते. अध्यक्ष डॉ. फिलिप हिल्कोविट्झ आणि सचिव डॉ. चार्ल्स स्पिवाक यांनी तिला आकार दिला. सप्टेंबर १९०४ मध्ये मोजक्या रुग्णांना लाकडी तळ असलेल्या तंबूंत ठेवून तिने काम सुरू केले. कोणत्याही अवस्थेतील रुग्ण घ्यायचा, स्वयंपाक कोशर ठेवायचा, रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायचे आणि त्याला ठरावीक मुदतीत बाहेर काढायचे नाही, ही तिची भूमिका होती. ‘जो एक जीव वाचवतो त्याने जणू सारे जग वाचवले’ हे तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील वचन तिने ब्रीद म्हणून घेतले. या वचनात बरे होण्याची अट नाही, आणि आपण उद्धृत केलेल्या ब्रीदाशेजारी ते ठेवून पाहिले तर दोन संस्थांमधील फरक ध्यानात येतो. पहिले ब्रीद रुग्णाच्या खिशाविषयी बोलते, दुसरे त्याच्या जिवाविषयी.

पैसा कोठून आला, हेही आपल्या प्रश्नाशी निगडित आहे. दुसऱ्या संस्थेला मोठे देणगीदार थोडे होते. तिचा खर्च कामगार संघटना, एकाच गावाहून आलेल्यांची मंडळे आणि घराघरांत ठेवलेल्या पत्र्याच्या दानपेट्या यांतून येणाऱ्या नाण्यांवर चाले. ज्या शिंप्याने शुक्रवारी पेटीत पाच सेंट टाकले, त्यालाच पुढच्या वर्षी तेथे खाट लागण्याचा संभव होता. त्यामुळे देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर तेथे फारच थोडे होते. रुग्णाच्या मनावरील उपकाराचे ओझे त्यामुळे नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही, पण त्याचे स्वरूप निश्चितच बदलले असले पाहिजे.

---

वक्षचिकित्सक

मी आयुष्यभर छातीच्या विकारांवर काम केले असल्यामुळे दिनक्रम आणि उपचार यांविषयी लिहितो.

१८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला, परंतु त्याला मारणारे औषध मिळण्यास आणखी साठ वर्षे लागली. मधल्या काळात डॉक्टरांच्या हाती विश्रांती, आहार आणि मोकळी हवा एवढेच होते. यामागे तर्क होता. शरीर विश्रांत आणि सुपोषित असेल तर प्रतिकारशक्ती जंतूभोवती तटबंदी उभारू शकते आणि जखम चुन्यासारखी घट्ट होऊन बंद पडते. काही रुग्णांत हे खरोखर घडे. अनेकांत घडत नसे. आणि कोणात घडेल हे आधी सांगता येत नसे.

म्हणून रुग्णाचा दिवस मुख्यतः पडून राहण्याचा असे. सकाळी थर्मामीटर, न्याहारी, त्यानंतर उघड्या व्हरांड्यातील आरामखुर्चीत किंवा खाटेवर पांघरुणात गुंडाळून तासन्‌तास स्वस्थ पडणे, दुपारी सक्तीची विश्रांती, संध्याकाळी पुन्हा थर्मामीटर. विश्रांतीच्या तासांत बोलणेही वर्ज्य असे, कारण बोलण्याने फुप्फुसाला श्रम होतात. रात्रीही खिडक्या उघड्या, आणि तंबूतील रुग्णाला तर कॅनव्हासच्या भिंतीपलीकडे कोलोरॅडोचा हिवाळा. आहारात दूध आणि कच्ची अंडी यांचा मारा असे. भूक नसतानाही ती संपवावी लागत. कोशर पद्धतीत मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही आणि त्यांची भांडीही वेगळी ठेवावी लागतात, हे लक्षात घेतले तर दूध हेच औषध असलेल्या ठिकाणी स्वयंपाकघर चालवणाऱ्यांना किती काटेकोर आखणी करावी लागत असेल, याची कल्पना येईल.

प्रत्येकाजवळ थुंकीसाठी झाकणाचे भांडे असे. इतरत्र थुंकणे हा गंभीर गुन्हा समजला जाई आणि जमा झालेली थुंकी जाळून टाकली जाई. वजन ठरावीक दिवशी होई. त्या दिवशीचा आकडा रुग्णासाठी न्यायाधीशाच्या निकालासारखा असे, कारण चालण्याची परवानगी, हलके काम आणि शेवटी घरी जाणे हे सारे वजन, ताप आणि थुंकीतील जंतू यांवर ठरे. ताप अर्ध्या अंशाने चढला तर महिनाभर मिळवलेली मोकळीक एका सकाळी काढून घेतली जाई. औषधाविना वाट पाहणाऱ्या माणसाचे हे जगणे आहे. मी माझ्या तरुणपणी ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून अशा रुग्णांचे वर्णन ऐकले आहे: खोलीतला शेजारी रात्री किती वेळा खोकला, हे ते सकाळी अचूक सांगत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शस्त्रक्रियांची भर पडली. छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवायचे, म्हणजे त्याला पूर्ण विश्रांती मिळते, ही पद्धत रूढ झाली. परंतु ती हवा शरीरात शोषली जाते, त्यामुळे रुग्णाला ठरावीक दिवसांनी, कधी कधी वर्षानुवर्षे, पुन्हा सुई घ्यावी लागे. ज्यांना हे लागू पडत नसे त्यांच्या काही बरगड्या काढून छातीची एक बाजू कायमची खचवली जाई, आणि ही शस्त्रक्रिया बहुधा एकाहून अधिक टप्प्यांत होई. पहिला टप्पा सोसलेला माणूस दुसऱ्यासाठी पुन्हा टेबलावर जाई, तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे मी अनेकदा मनाशी विचारले आहे. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये जाहीर झाले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हरांड्यातील या खाटा ओस पडल्या.

---

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. थुंकीचे भांडे आणि वजनाचा दिवस हे वाचून प्रथमच त्या जागेत माणूस दिसला. एक गोष्ट मात्र अजून खटकते. बोलायलाही बंदी असलेल्या जागेत माणसे केवळ पडून राहिली असतील, असे मला वाटत नाही. त्यांनी आपसांत काही उभे केले का? आणि त्यांच्या मुलाबाळांचे काय झाले?

---

शब्दशोधक

पानगळ, आपला तर्क बरोबर आहे. डेन्व्हरच्या पश्चिमेकडील त्या दुसऱ्या सॅनेटोरियममध्ये जे उभे राहिले ते यिद्दिश साहित्याच्या इतिहासाचाही भाग आहे आणि मी त्याच वाटेने या विषयापर्यंत पोहोचलो.

सोलोमन ब्लूमगार्डन हे ‘येहोआश’ या नावाने लिहिणारे यिद्दिश कवी १९०० च्या सुमारास क्षयामुळे डेन्व्हरला आले आणि जवळपास दहा वर्षे तेथे राहिले. संस्थेच्या उभारणीत आणि तिच्यासाठी निधी गोळा करण्यात त्यांचा वाटा होता. डॉ. स्पिवाक आणि त्यांनी मिळून यिद्दिशमध्ये रुळलेल्या हिब्रू शब्दांचा कोश तयार केला, जो १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. एक डॉक्टर आणि एक क्षयरोगी कवी, आणि सभोवती मृत्यूची सततची ये-जा. अशा ठिकाणी बसून त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्त्या लावल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. येहोआश पुढे न्यूयॉर्कला परतले आणि बायबलच्या यिद्दिश भाषांतराचे त्यांचे काम आजही श्रेष्ठ मानले जाते.

त्यानंतरच्या पिढीतील ह. लायविक हे नाव आणखी मोठे आहे. झारच्या राजवटीत सैबेरियात हद्दपारी भोगून अमेरिकेत आलेला, भिंतींना शोभेचा कागद चिकटवून पोट भरणारा हा कवी १९३० च्या दशकाच्या आरंभी क्षयरोगी म्हणून डेन्व्हरला दाखल झाला आणि काही वर्षे तेथे राहिला. डेन्व्हरच्या त्या मुक्कामावर त्याने ज्या कविता लिहिल्या, त्यांत रुग्णालयाकडे पाहण्याची त्याची नजर तुरुंग पाहून आलेल्या माणसाची आहे. दोन्ही ठिकाणी घंटेनुसार दिवस चालतो, दोन्ही ठिकाणी सुटकेची तारीख दुसऱ्याच्या हाती असते. परंतु येथे पहारेकरी पांघरूण घालतो, एवढा फरक आहे. ही तुलना माझी आहे, पण त्याच्या कविता वाचताना ती टाळता येत नाही.

अर्थात सारेच कवी नव्हते. संस्थेचे स्वतःचे मासिक होते, त्यात इंग्रजी आणि यिद्दिश दोन्ही भाषांत मजकूर असे, आणि रुग्णांनीही ‘हातिक्वा’, म्हणजे ‘आशा’, या नावाचे नियतकालिक चालवले. तेथे छापखाना, पुस्तकबांधणी, दुग्धशाळा आणि कोंबड्यांचे पालन होते, ग्रंथालय होते, १९२० च्या दशकात सिनेगॉगही, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिरही, बांधले गेले. सुमारे शंभर एकरांवर पसरलेल्या या वसाहतीचे स्वतःचे टपाल कार्यालय होते आणि त्या पत्त्यावर गावाचे नाव ‘स्पिवाक, कोलोरॅडो’ असे लिहिले जाई. बांधणी किंवा छपाई शिकणे हा केवळ विरंगुळा नव्हता. कारखान्यातील धुळीत परतलेला रुग्ण पुन्हा आजारी पडतो हे सर्वांना माहीत होते, म्हणून हलका आणि नवा व्यवसाय हाती असणे याचा अर्थ अक्षरशः जगणे असा होता. काही रुग्ण बरे झाल्यावर परत गेलेच नाहीत. पूर्वेकडून कुटुंबे बोलावून घेऊन ते डेन्व्हरच्या वेस्ट कोलफॅक्स भागात स्थायिक झाले. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या पण अजून कामास असमर्थ असलेल्यांसाठी माजी रुग्णांनीच १९०८ च्या सुमारास वेगळे निवासगृह काढले. आपण विचारलेल्या ‘अर्धवट बरे झालेल्यांची’ सोय कोणी केली, याचे हे उत्तर आहे: आधी अर्धवट बरे झालेल्यांनी.

मुलांचा प्रश्न अधिक कठीण होता. बाप सॅनेटोरियममध्ये आणि आई आजारी किंवा मरण पावलेली, अशी मुले डेन्व्हरच्या रस्त्यांवर दिसू लागल्यावर फॅनी लॉर्बर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९०७ मध्ये त्यांच्यासाठी आश्रयगृहाची संस्था स्थापन केली. मूल आणि आईबाप एकाच शहरात, पण संसर्गाच्या भीतीने भेटी मोजक्या आणि दुरून. त्या मुलांना आईची आठवण विचारली असती तर बहुधा त्यांनी व्हरांड्यातील एक पांढरी आकृती सांगितली असती. क्षय ओसरल्यावर हेच गृह दम्याने आजारी असलेल्या मुलांकडे वळले आणि १९७८ मध्ये त्याचे काम पहिल्या इस्पितळात विलीन झाले.

जे बरे झाले नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या संस्थेने गोल्डन हिल येथे दफनभूमी ठेवली. सर्व अवस्थांतील रुग्ण घेण्याचा निर्णय म्हणजे मृत्यूही घरातच होऊ देण्याचा निर्णय होता, आणि ज्याचे कोणी नातलग दोन हजार मैलांच्या परिसरात नव्हते, त्याच्यावरही रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होतील, याची हमी त्यात होती. मला वाटते की जिवंतपणी अंथरुणावर पडलेल्या माणसालाही या हमीचा आधार वाटत असला पाहिजे.

---

मैदानी वारा

वरील उत्तरांत पहिल्या इस्पितळावर थोडा अन्याय होत आहे असे मला वाटते, म्हणून लिहितो. मुदत आणि अवस्था यांची बंधने कठोर होती, हे खरे. परंतु जो रुग्ण प्रारंभिक अवस्थेत येऊन सहा महिन्यांत सुधारून गेला, त्याने मोकळी केलेली खाट वर्षाला आणखी एका माणसाला मिळाली. बळावलेला रोगी वर्षानुवर्षे ठेवला तर दाराबाहेर रांगेत उभा असलेला प्रारंभिक रोगी तेथेच बळावतो. दोन्ही संस्थांचे चालक एकमेकांवर वृत्तपत्रांतून आणि सभांतून टीका करत, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या प्राणाचाच हिशेब होता. पुढे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर अनेक औषधे एकत्र वापरण्याच्या उपचारपद्धतीत याच इस्पितळाने मोठे काम केले, आणि नॅशनल ज्यूइश हेल्थ या नावाने ते आजही श्वसनविकारांवर काम करते. दुसरी संस्था १९५४ मध्ये कर्करोगाच्या संशोधनाकडे वळली.

एक कायदेशीर बाजू अद्याप कोणी मांडलेली नाही. १९०७ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यात प्रवेश नाकारण्याच्या कारणांत क्षयरोगाचा स्पष्ट उल्लेख होता, आणि प्रवेशापूर्वीच्या कारणामुळे तीन वर्षांच्या आत सरकारी मदतीवर अवलंबून राहावे लागलेल्या माणसाला परत पाठवता येत असे. म्हणजे नुकताच आलेला शिंपी खोकू लागला, की सरकारी इस्पितळात जाणे त्याच्यासाठी धोक्याचे होते. अशा माणसाला आपल्याच समाजाने चालवलेली खाजगी खाट म्हणजे देशात राहण्याची शेवटची वाटही असू शकत होती. क्षय हा ‘शिंप्यांचा रोग’ आणि ज्यूंचा रोग म्हणून हिणवला जात होता, जरी नोंदींनुसार ज्यू वस्त्यांतील क्षयमृत्यूंचे प्रमाण शेजारच्या वस्त्यांपेक्षा कमी होते. रुग्णाला घरमालकाकडून जी वागणूक मिळे, तिच्यामागे हा अपसमजही होता.

धर्मादायाची कल्पनाच ज्यांना नको होती, असेही लोक होते. वर्कमेन्स सर्कल या यिद्दिशभाषक कामगारांच्या परस्परसाहाय्य संघटनेने १९१० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लिबर्टी येथे स्वतःचे सॅनेटोरियम काढले. तेथे सभासद वर्गणीच्या बळावर हक्काने येत असे, त्याला कोणाचे आभार मानावे लागत नसत. पानगळ यांनी दानाच्या ओझ्याविषयी विचारले आहे. ते ओझे किती खरे होते, याचा पुरावा मला या संस्थेच्या अस्तित्वातच दिसतो.

---

शब्दशोधक

वरील दुरुस्ती मान्य आहे. युरोपातील एका उदाहरणाचीही येथे नोंद करावीशी वाटते. वॉर्साजवळ मीजेशीन येथे १९२६ मध्ये, बुंद या ज्यू समाजवादी पक्षाचे नेते व्लादिमीर मेदेम यांच्या नावाने, क्षयाचा धोका असलेल्या गरीब मुलांसाठी सॅनेटोरियम सुरू झाले. तेथे मुले यिद्दिशमध्ये शिकत, बागकाम आणि मधमाश्यापालन करत आणि आपले दैनंदिन कामकाज स्वतः निवडलेल्या मंडळांमार्फत चालवत. विश्रांती आणि पथ्य ही डेन्व्हरसारखीच, पण नियम करणाऱ्यांत रुग्णही बसलेले. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी तेथील मुलांना ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत नेऊन ठार केले. काही शिक्षक आणि कर्मचारी मुलांना सोडून गेले नाहीत, ते त्यांच्याबरोबरच गेले.

---

जुने दप्तर

पानगळ, आपणास पुढे अभ्यास करायचा असेल तर डेन्व्हर विद्यापीठाच्या बेक अभिलेखागारात दुसऱ्या संस्थेची रुग्णपत्रके जपून ठेवलेली आहेत. संस्थेच्या पन्नास वर्षांत सुमारे दहा हजार रुग्ण तेथे राहून गेले.

डॉ. स्पिवाक यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १८८२ मध्ये अमेरिकेत आल्यावर त्यांनी अंगमेहनतीची कामे करत वैद्यकाचे शिक्षण पूर्ण केले, आणि पत्नीच्या प्रकृतीसाठी १८९६ मध्ये ते डेन्व्हरला येऊन राहिले. म्हणजे ज्या रोगाशी ते पुढे आयुष्यभर झुंजले तो त्यांच्या स्वतःच्या घरात आलेला होता. १९२७ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते की आपल्या देहाचे विच्छेदन वैद्यकीय महाविद्यालयात ज्यू आणि ज्यूतर विद्यार्थ्यांनी समसमान संख्येने करावे, आणि त्यानंतर हाडे जोडून तो सांगाडा जेरुसलेमच्या विद्यापीठाकडे शरीररचनाशास्त्र शिकवण्यासाठी पाठवावा. कोशर स्वयंपाकघरासाठी इतकी वर्षे भांडलेला हा माणूस स्वतः फारसा धर्मनिष्ठ नव्हता.